एझराभाऊंचा आवळ्याएवढा घास

आमच्या घरी जेवण सुरू कोण करतं याला फारसा मान नाही, संपवतं कोण याला आहे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागले, जेवणं आटोपली, की शेवटची आभाराची प्रार्थना म्हणायची ती एझराभाऊंनी. ते माझे थोरले दीर. माझे मिस्टर अल्बर्ट त्यांच्याहून अकरा वर्षांनी धाकटे, त्यामुळे अल्बर्टला ते भाऊ कमी आणि वडील जास्त. मीही त्यांना भाऊच म्हणते.

ती प्रार्थना लांब आहे, आणि एझराभाऊ ती झिराडच्या चालीवर म्हणत. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले यहुदी. माझे सासरे झिराडला तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. घाणा फिरताना सासरे ती प्रार्थना गुणगुणत असत, आणि बैलाच्या चालीचा ठेका तिच्यात कायमचा बसला असं भाऊ सांगत. टोरांटोत आमची दहाबारा कुटुंबं. सणाला सगळे आमच्याकडे जमले की भाऊंनी सूर लावेपर्यंत कुणी खुर्ची मागे सरकवत नसे.

भाऊ एकाहत्तर साली आले. बायको मुंबईतच वारली होती, मूलबाळ नव्हतं. आमच्या बेसमेंटमध्ये त्यांनी पलंग टाकला आणि स्कारबरोच्या एका कारखान्यात लेथवर लागले. माणूस मापाचा पक्का. मी भिंतीवर कॅलेंडर लावलं तरी लांबून एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "दीना, डावीकडे पाव इंच." आणि खरंच तेवढंच असायचं. एका बाबतीत मात्र त्यांचं माप सुटलं होतं, ते जेवणाच्या. ब्याऐंशी साली त्यांचं वजन तीनशे बारा पौंडांवर गेलं. गुडघे गेले, साखर वाढली, बेसमेंटच्या तेरा पायऱ्या चढताना ते दोनदा थांबायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, पोट स्टेपल करून घ्या. म्हणजे पोटाच्या वरच्या टोकाला टाके मारून एक लहानशी पिशवी करायची, खाली उतरायला बारीक वाट ठेवायची. चार चमच्यांत पोट भरतं. त्र्याऐंशीच्या जानेवारीत ऑपरेशन झालं.

मला लग्नापासून रोज वही लिहायची सवय. वर देवाचं नाव, मग काय शिजवलं, कोण आलं, कुणासाठी प्रार्थना केली. हॉस्पिटलच्या डाएटिशियनबाईंनी सांगितलं की पेशंट काय आणि किती खातो ते कुणीतरी रोज लिहून ठेवायला हवं. भाऊ म्हणाले, "आमच्या दीनाची वही आहेच." तेव्हापासून माझ्या वहीत देवाच्या नावाखाली भाऊंचं पोट आलं. सकाळी पेज, दोन चमचे. अकराला वरणाचं पाणी, अर्धी वाटी, पाऊण तास लागला. दुपारी उकडलेला मासा चाळणीतून काढून, तीन चमचे, चौथा नको म्हणाले. ज्या माणसाला मी एका बसणीला सहा चपात्या आणि नारळाच्या दुधातलं मटण वाढलं होतं, त्याच्यापुढे टिर्झाच्या लहानपणची वाटी ठेवताना माझाच हात अवघडायचा. टिर्झा माझी मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची. तिने वाटी ओळखली आणि म्हणाली, "मम, दॅट्स माय बनी बोल." भाऊ हसले. म्हणाले, आता सशाएवढंच खायचं आहे, वाटी बरोबर निवडली.

दर मंगळवारी संध्याकाळी हॉस्पिटलच्या एका खोलीत असेच टाके घातलेले लोक जमायचे. पाचसहा जण, डाएटिशियनबाई आणि कॉफीशिवायचं टेबल. त्यात व्हिटबीचा गॉर्डन होता, ट्रक चालवणारा, आणि फिलोमेना नावाची इटालियन बाई होती. वय साठीच्या आत, पतीचा बांधकामाचा धंदा, नेहमी काळा कोट आणि गळ्यात क्रूस. सगळ्यांचं दुखणं एकच: सवयीने भराभर खाल्लं जातं, मग छातीत दाटतं आणि उलटून पडतं. उलट्या फार झाल्या तर टाके उसवतात. यावर फिलोमेनाने तोड काढली. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. संध्याकाळी सहाला एकाने दुसऱ्याला फोन लावायचा, रिसीव्हर टेबलावर ठेवायचा आणि दोघांनी आपापल्या घरी वीस मिनिटं जेवायचं. बोलायचं नाही. दुसरा जेवतोय एवढं ऐकू आलं की आपणही चावतो.

भाऊंची जोडी फिलोमेनाशी पडली. सहाच्या ठोक्याला आमच्या स्वयंपाकघरातला फोन वाजायचा. भाऊ तो ताटाशेजारी उताणा ठेवायचे. त्यातून तिच्या चमच्याचा आवाज यायचा, कधी तिच्या नवऱ्याचा टीव्ही, कधी ती जेवणाआधी पुटपुटायची ते. तिची प्रार्थना आणि भाऊंची एकाच तारेवरून जात आणि कुणाची कुणाला अडचण होत नसे. वीस मिनिटांनी ती विचारायची, "फिनिश, मिस्टर एझरा?" भाऊ म्हणायचे, "फिनिश, मॅडम." एवढाच त्यांचा संवाद. पण भाऊंचे महिन्यात एकोणतीस पौंड उतरले ते त्या फोनवर, असं मी वहीत लिहिलं आहे.

शुक्रवारी मात्र फोन नाही; तेव्हापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आमचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. दिवे लागले की आम्ही फोन उचलत नाही, गाडी काढत नाही, मी पेनही हातात घेत नाही. म्हणजे सगळ्या आठवड्यात एका शुक्रवारच्या जेवणाला भाऊ एकटे पडायचे, आणि वहीतही ती जागा कोरी राहायची. ती मी शनिवारी तारे दिसल्यावर आठवून भरायची.

आता पावाचं सांगायला हवं. जेवणानंतरची ती प्रार्थना कुणालाही कधीही म्हणता येत नाही. आधी गव्हाची रोटी किंवा पाव खाल्लेला असला पाहिजे, आणि ठरलेल्या मापाइतका तरी, फार रेंगाळत न बसता. धर्माच्या पुस्तकात माप दिलं आहे ऑलिव्हच्या फळाएवढं. झिराडला ऑलिव्ह कुणी पाहिलं होतं? सासऱ्यांनी मुलांना सांगितलं होतं की आपल्या आवळ्यासारखं असतं ते. तेव्हा आमच्या घरात आवळ्याएवढा तुकडा हे माप. चांगला डोंगरी, टपोरा आवळा. जोपर्यंत पोटं शाबूत होती तोपर्यंत याचा विचार करण्याचं कारणच नव्हतं, कारण आवळ्याएवढा पाव भाऊ प्रार्थनेच्या आधीच्या गप्पांत संपवायचे.

ऑपरेशननंतर पहिले सहासात आठवडे पाव बंदच होता. भाऊ शुक्रवारी टेबलाशी बसायचे, आपली पेज घ्यायचे आणि शेवटी अल्बर्टकडे बघायचे. अल्बर्टने कधी म्हटली नव्हती. पुस्तक उघडून तो वाचायचा, मध्येच पान चुकायचा, चाल सोडून द्यायचा. मी भाऊंना म्हटलं की तुम्हीच म्हणा, देव काय तुमचं पोट बघत नाही का. ते म्हणाले, "न जेवता जेवल्याचे आभार मानायचे म्हणजे देवाला थाप मारायची. मी लेथवर खोटं माप लिहीत नाही, तिथे कसं लिहू?"

मार्च लागला, मऊ जेवण सुरू झालं, आणि एका शुक्रवारी भाऊंनी बाथर्स्ट रस्त्यावरच्या बेकरीतल्या वेणीच्या पावाचा आवळ्याएवढा तुकडा तोडून आपल्या बशीत घेतला. त्यांनी तो खाल्ला. कपाळावर घाम आला होता, पण प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनीच म्हटली, थोडी घाईघाईने. मग खाली गेले. बेसमेंटच्या वॉशरूमचा नळ बराच वेळ चालू राहिला. मी भांडी विसळता विसळता ऐकत होते. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता.

पुढच्या शुक्रवारी तेच झालं. वर आले तेव्हा मी पाहिलं, डोळे लाल होते. मला म्हणाले, "दीना, हे वहीत नको. माझ्यासाठी एवढं कर." आणि मी केलं. शनिवारी तारे बघून, वर देवाचं नाव लिहून, त्याखाली लिहिलं: शुक्रवार रात्र, नेहमीप्रमाणे. आधीच्या शुक्रवारची कोरी जागाही तशीच भरली; असे चार शुक्रवार लिहिले. मला वाटायचं की त्यांची लाज राखते आहे. मंगळवारी मी बाईंना वहीतलं वाचून सांगायची आणि त्या 'व्हेरी गुड' म्हणायच्या.

मग पेसाहचा सण आला. त्या आठवड्यात फुगलेला पाव वर्ज्य, बिनखमिराची, पापडासारखी कोरडी रोटी असते. त्या आठवड्यात नळाचा आवाज आला नाही. वहीत मी 'त्रास नाही' एवढं लिहिलं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. सणाच्या कामात होते.

पेसाह संपल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी, आठ एप्रिलला, बेकरीतला पाव ताजा होता, मऊ लुसलुशीत. भाऊंनी तुकडा तोडला, तो मला आवळ्याहूनही मोठा वाटला. दोन घास गेले, तिसरा गेला, आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. बोलता येईना. तोंडात लाळेचा फेस येत होता, तो रुमालात टिपत होते, आणि डाव्या हाताने अल्बर्टला खूण करत होते की थांब, मी म्हणतो, पुस्तक मिटू नकोस. अल्बर्टने पुस्तक मिटलं. बारा वर्षांत शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ड्राइव्हवेतून गाडी निघाली नव्हती, ती त्या दिवशी निघाली. जीव वाचवायला शब्बाथ मोडायचा असतो, हे माहीत असूनही अल्बर्टने किल्ली पहिल्यांदा उलटी फिरवली.

पावाचा गोळा पोटाच्या बारीक वाटेवर घट्ट बसला होता. हॉस्पिटलात तो नळी घालून काढला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं: टाके अजून धरून आहेत, पण सतत उलट्या होत असल्याच्या खुणा आहेत. असंच चाललं तर टाके उसवतील, पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि या साखरेवर दुसऱ्यांदा उघडायची माझी तयारी नाही.

मंगळवारी भाऊ त्या टाकेवाल्यांच्या बैठकीला आले, पडलेल्या चेहऱ्याने. डाएटिशियनबाईंनी माझ्याकडे वही मागितली आणि शुक्रवारच्या नोंदी वाचून दाखवायला सांगितल्या. मी वाचलं, नेहमीप्रमाणे. चार वेळा वाचलं. बाईंनी विचारलं की नेहमीप्रमाणे म्हणजे काय. भाऊ माझ्याकडे बघत होते. मी वही मिटली आणि सांगितलं की हे मी खोटं लिहिलं आहे, दर शुक्रवारी त्यांना उलटी होत होती, आणि मला माहीत होतं.

गॉर्डनने खुर्ची करकरवली आणि म्हणाला की मीही गेल्या महिन्यात दोनदा बियर प्यालो आणि बायकोला ज्यूस लिहायला लावला. थोडं हसू झालं. बाई म्हणाल्या की मिस्टर एझरा, सहा महिने पाव नाही. भाऊंनी मान हलवली. पण त्या होकारात काय होतं ते मला कळलं. आदल्या दिवशी ते अल्बर्टला म्हणाले होते की प्रार्थना म्हणायची नसेल तर टेबलाशी बसून काय करू, शुक्रवारी मी खालीच जेवेन. एकदा खाली जेवायला लागले की हा माणूस वर येणार नाही, हे आम्हा दोघांना दिसत होतं.

फिलोमेनाने विचारलं, पाव कशाला हवाच? भाऊंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सगळं समजावलं. प्रार्थना, माप, फळ. तिने विचारलं, कुठलं फळ? भाऊ म्हणाले, ऑलिव्ह. आणि अंगठा आणि मधलं बोट जोडून मधली पोकळी दाखवली, दीड इंचाला सूतभर कमी.

फिलोमेना त्या पोकळीकडे बघत राहिली. मग ती इतकी हसली की तिने पोटावर, टाक्यांवर हात दाबून धरला. "मिस्टर एझरा," ती म्हणाली, "धिस इज नॉट ऑलिव्ह. धिस इज प्लम."

भाऊ गंभीरपणे म्हणाले की ग्रोसरीत बाटलीत मिळतात ती लहान असतात, ते त्यांना ठाऊक आहे. पण ती लोणच्याची. लोणच्याला फळ कोवळंच तोडतात. आमच्याकडे आंब्याच्या बाळकैऱ्या घालतात तशी. पूर्ण वाढलेलं फळ आवळ्याएवढं होत असणार.

मी हे ऐकलं आणि मलाही ते पटलेलं होतं, हे कबूल करते. बारा वर्षं त्या बाटल्यांच्या रांगेतून मी गाडी ढकलत नेली होती आणि मनात म्हटलं होतं, बाळकैऱ्या.

फिलोमेना आता हसत नव्हती. तिने सांगितलं की तिच्या वडिलांची चाळीस ऑलिव्हची झाडं होती, आणि लग्न होऊन इथे येईपर्यंत प्रत्येक हिवाळ्यात तिने ती वेचली आहेत. ते फळ हिरवं असताना जेवढं, पिकून काळं झालं तरी साधारण तेवढंच. झाडावरच राहू दिलं तर सुरकुततं, उलट लहान होतं. ती म्हणाली की उद्या तुम्ही माझ्या घरी यायला नको, मीच येते.

परतताना गाडीत भाऊ खिडकीबाहेर बघत बसले. घराजवळ आलो तेव्हा पाठमोरेच म्हणाले, "सगळ्यांसमोर सांगितलंस." मी म्हटलं, "खोटंही तुमच्यासाठीच लिहिलं होतं, भाऊ. तेव्हा नाही रागावलात." ते गाडीतून उतरले आणि थेट बेसमेंटमध्ये गेले. त्या दिवशीच्या वहीत मी देवाकडे एवढंच मागितलं की या माणसाला माझ्या टेबलावरून उठवू नकोस.

बुधवारी दुपारी फिलोमेना दोन बस बदलून आली. पर्समधून दोन बाटल्या काढल्या, एक हिरव्या फळांची, एक काळ्या. मी बशी दिली. तिने दोन्हीतली पाचसहा फळं बशीत मांडली आणि भाऊंपुढे सरकवली. भाऊ बराच वेळ बघत राहिले. मग उठून खाली गेले. मला वाटलं, आता नाही येत वर. पण ते आले, हातात कारखान्यातला त्यांचा व्हर्नियर घेऊन, लोखंडाच्या कामाचं बारीक माप घ्यायचं ते हत्यार. एकेक फळ पुसून, त्याच्या दोन ओठांत धरून त्यांनी लांबी आणि जाडी घेतली आणि मला सांगितली, आणि मी ती वहीत लिहिली. सगळ्यांत मोठंही लांबीला इंचाच्या आत होतं. जाडी त्याहून बरीच कमी. आणि आत बी.

भाऊंनी व्हर्नियर मिटला. "बाबांनी ऑलिव्ह कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. हे मराठीत म्हणाले, पण फिलोमेनाला कळल्यासारखं वाटलं. मग मला म्हणाले की जन्मभर त्या माणसाने तेल काढलं, तिळाचं, खोबऱ्याचं. ज्या फळाच्या तेलाचं नाव आपल्या सगळ्या पुस्तकांत आहे, ते एवढंसं असेल हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याच्याकडे आवळा होता, त्याने आवळा दिला.

मला वाटलं होतं की ते सुटकेने हसतील. तसं झालं नाही. वडिलांचं माप खोटं ठरवून आपली सोय करून घेतो आहोत असं त्यांना टोचत होतं. फिलोमेना चहाला थांबली नाही. जाताना तिने दाराजवळ मला विचारलं की शुक्रवारी तुम्ही किती वाजता जेवता. मी सांगितलं की दिवे लावायची वेळ दर आठवड्याला बदलते, सूर्यावर असते. तिने आमच्या फ्रिजवरचं हिब्रू कॅलेंडर बघून पुढच्या दोन महिन्यांच्या वेळा पाठकोऱ्या पावतीवर उतरवून घेतल्या. कशाला, ते सांगितलं नाही.

गुरुवारी भाऊ अल्बर्टबरोबर सिनेगॉगच्या म्हाताऱ्या रब्बींकडे, धर्मगुरूंकडे, गेले; त्या सिनेगॉगच्या बेसमेंटमध्ये आम्ही प्रार्थनेला जमतो. ते पोलंडचे. ते म्हणाले की मापावर पुष्कळ वाद आहेत, कुणी ते अर्ध्या अंड्याएवढं नेतात, तेव्हा तुझ्या वडिलांनी आवळा सांगितला तर ते काही अडाणी नव्हते. पण आजारी माणसाने मोठं माप धरून जीव घालवू नये. तुझ्यासमोर फळ आहे ना, मग ते फळ बघ. अल्बर्टने घरी येऊन हे सांगितलं आणि वर आपलं जोडलं: आपल्या घराण्यात सगळे एवढे जाडे कसे, ते आता कळलं, पिढ्यान्‌पिढ्या आवळा खात आलो. भाऊंच्या ओठाचा कोपरा हलला.

मी बुधवारी रात्रीच वही मागे उलटून पाहिली होती. पेसाहच्या आठवड्यात नळाचा आवाज नव्हता, कारण रोटी कोरडी होती. ती तोंडातच भुगा होते, गोळा होत नाही. गुरुवारी डाएटिशियनबाईंना फोन केला. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या की पाव नाहीच, पण कुरकुरीत भाजलेला ऑलिव्हएवढा तुकडा, पीठ होईपर्यंत चावून, करून बघा. काही दाटलं तर तिथेच थांबायचं, आणि जे होईल ते खरं लिहायचं. शेवटचं वाक्य मला होतं.

शुक्रवारी मी गव्हाची कणीक घट्ट मळली. दोन रोट्या लाटल्या, इतक्या पातळ की खालचा ओटा दिसावा. तव्यावर फडक्याने दाबत दाबत मंद भाजल्या, खणखणीत झाल्या तेव्हा उतरवल्या. शब्बाथला दोन अख्ख्या लागतात, म्हणून दुसरी भाजताना जीव मुठीत होता, पण मोडली नाही. पावणेसातच्या सुमारास दिवे लावले आणि प्रार्थनेसाठी डोळ्यांवर हात घेतले. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतले असावेत, कारण टिर्झा म्हणाली, "मम, आर यू ओके?"

भाऊ वर आले. आपल्या खुर्चीत बसले. त्यांच्या बशीशेजारी दुसरी बशी होती, तिच्यात एकच हिरवं ऑलिव्ह. खायला नाही, बघायला. त्यांनी रोटी मोडली, तुकडे ऑलिव्हजवळ धरून एक डोळा मिटला, एक कपचा कमी केला, पुन्हा धरला. मग आशीर्वादाचे शब्द म्हणून ते तुकडे तोंडात टाकले.

फोन नव्हता. घड्याळाची टिकटिक होती आणि भाऊंच्या जबड्याचा बारीक कुरकुर आवाज. आम्ही कुणी चमचा उचलला नाही. टिर्झाही नाही. तीनचार मिनिटं गेली असतील. भाऊंनी गिळलं. छातीवर हात गेला, आणि मी खुर्चीची कड धरली. हात तिथे थोडा थांबला आणि खाली आला. मग त्यांनी आपले तीन चमचे मासा घेतला आणि आम्हाला म्हणाले की जेवा की, माझ्याकडे काय बघताय.

आमचं आटोपल्यावर अल्बर्टने पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं, त्यांना कधी लागलंच नाही. सूर लावला. तीनशे पौंडांच्या जोरावर जो आवाज खोलीत घुमायचा तो आता नव्हता, तीन महिन्यांत तोही उतरला होता. पण घाईही नव्हती. खाऊन तृप्त झालो म्हणून आभार, हे जिथे येतं तिथे ते थोडे थांबले. एवढ्याशा तुकड्याने तृप्त झाले का, ते मी विचारलं नाही, आणि मला वाटतं त्यांनी स्वतःलाच विचारलं. मग पुढे गेले. बैलाचा ठेका होता तसाच होता. आमीन सगळ्यांत मोठ्याने अल्बर्टने म्हटलं. खाली नळ चालला नाही. मी भांडी विसळायची सोडून उभी होते, फक्त ऐकायला.

शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले आणि लगोलग फोन वाजला. फिलोमेना. भाऊंनीच घेतला. तिने विचारलं असावं, कारण भाऊ म्हणाले, "वन ऑलिव्ह, मॅडम. फिनिश." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले की ती काल सातला जेवायला बसली होती. नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावला. फोन नसला तरी आपण इथे जेवत असू म्हणून तिनेही वीस मिनिटं लावली. पावतीवर पुढच्या आठ शुक्रवारच्या वेळा आहेत, म्हणाली.

मी टेबलाशी वही घेऊन बसले. वर देवाचं नाव लिहिलं. आधी मागची पानं उलटून चार शुक्रवारचं 'नेहमीप्रमाणे' एकेका रेघेने खोडलं आणि शेजारी जे झालं ते लिहिलं. भाऊ समोर बसून बघत होते. अडवलं नाही.

"कालचं काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं: शुक्रवार रात्र. कोरडी रोटी, एका ऑलिव्हएवढी. मासा तीन चमचे. त्रास नाही. प्रार्थना एझराभाऊंनी म्हटली.

त्यांनी वही आपल्याकडे वळवून ती ओळ पाहिली. मग म्हणाले, "बी धरून माप घेतलंय, तेही लिही. उगाच फसवल्यासारखं नको."

मी तेही लिहिलं.